वासाला घर सापडतं कसं

नाकातल्या वासाच्या पेशीला आयुष्यात एकच निवड करायची असते आणि ती एकदा पक्की झाली की माघार नाही. तिच्या केंद्रकात वासाच्या रिसेप्टरची, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची, जनुकं पडून असतात, माणसात चालू असलेली अशी साधारण ४००, उंदरात हजाराच्या वर, आणि एवढ्या सगळ्यांतलं फक्त एक तिनं उघडायचं, बाकीची कुलपात. त्या एका जनुकाच्याही दोन प्रती असतात, आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, त्यातलीही एकच चालते. मग जगेल तोवर ती पेशी त्या एकाच रिसेप्टरच्या नावानं जगते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भारी वाटलं होतं, पण माझी झोप उडवली ती त्याच्या पुढच्या गोष्टीनं. ज्या जनुकामुळं ठरतं की ही पेशी कुठले रेणू पकडणार, त्याच जनुकामुळं बऱ्याच अंशी हेही ठरतं की तिची वायर मेंदूत कुठं जाऊन जोडली जाणार. रेणू पकडायचं काम पेशीच्या हवेकडच्या टोकाला चालतं, वायर जोडायचं काम मेंदूकडच्या टोकाला, आणि दोन्हीकडं सही एकाच जनुकाची.

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. डोळा आणि कान आम्ही सविस्तर शिकवतो, आकृत्या काढून घेतो, परीक्षेला विचारतो. नाक मात्र बहुतेक वेळा उरकून टाकलेलं असतं. मला याचं वाईट वाटतं, कारण जनुक आणि मेंदू यांचं नातं एवढं उघड्यावर दिसेल अशी दुसरी जागा शरीरात शोधून सापडायची नाही.

आता थोडं मागं जाते. १९९१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी ही जनुकं पहिल्यांदा हुडकून काढली. बक यांनी केलेली युक्ती मी दरवर्षी वर्गात सांगते, सिलॅबसमध्ये नसली तरी सांगते. त्यांनी गृहीत धरलं की वासाचा रिसेप्टर हा पेशीच्या आवरणातून सात वेळा आतबाहेर जाणाऱ्या प्रथिनांच्या कुळातला असणार, आणि तो एकटादुकटा नसून त्याचा मोठा गोतावळा असणार. मग रॅटच्या नाकातल्या अस्तरातून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पद्धत, वापरून त्या कुळातल्या जनुकांचे तुकडे वाढवले. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर एका लांबीचा एक पट्टा दिसतो, वाटतं हा एकच तुकडा आहे. तो डीएनए कापणाऱ्या एन्झाइमनं कापायचा आणि तुकड्यांच्या लांबीची बेरीज करायची. एकच जनुक असेल तर बेरीज मूळ पट्ट्याएवढीच यायला हवी. एका पट्ट्याची बेरीज मूळ लांबीपेक्षा कितीतरी जास्त आली, म्हणजे त्या एका पट्ट्यात एकसारख्या लांबीची वेगवेगळी पुष्कळ जनुकं लपलेली होती! साध्या बेरजेतून सस्तन प्राण्यांमधलं सगळ्यात मोठं जनुककुळ हाताला लागलं. २००४ चं नोबेल या दोघांना याच कामासाठी मिळालं.

माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,००० आहेत, त्यातली ४०० निव्वळ वासासाठी. रंग बघायला आपल्याला तीन प्रकारच्या शंकुपेशी पुरतात, त्यावरून अंदाज येईल की वासाला शरीरानं किती खर्च केलाय. आणि आफ्रिकन हत्तीत ही संख्या २००० च्या जवळ जाते. आपल्या कोल्हापूरकडच्या आजरा-चंदगडच्या उसात येणारा हत्ती आशियाई, पण भाऊबंदच, त्यामुळं मला त्या बातम्या वाचल्या की उसाच्या आधी त्याच्या नाकाचाच विचार येतो.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं सोपं जाईल. एका वासाला एक रिसेप्टर असा हिशोब नाही. एक रेणू अनेक रिसेप्टरना कमीजास्त हलवतो, आणि एक रिसेप्टर अनेक रेणूंना ओळखतो. काहिलीतून उतरलेल्या ताज्या गुळाचा वास म्हणजे उसाच्या रसातली साखर आणि अमिनो आम्लं तापून झालेल्या ढीगभर रेणूंचं मिश्रण, ते नाकात गेलं की अनेक प्रकारच्या पेशी एकदम पेटतात, कुणी जोरात कुणी हळू. कुठल्या कुठल्या पेटल्या यावरून मेंदूला कळतं की हा गूळ. आता मेंदूला हे कळायचं तर कुठली वायर कुठल्या रिसेप्टरची हे पक्कं माहीत असायला हवं ना? इथं सगळा खेळ वायरिंगवर येतो.

आणि ते वायरिंग बघा कसं आहे. वासाच्या पेशी नाकाच्या छतापाशी, एका पातळ ओल्या अस्तरात असतात. प्रत्येकीतून एक अक्षतंतू निघतो, म्हणजे पेशीची लांब वायर, तो चाळणीसारख्या भोकं पडलेल्या हाडातून वर चढतो आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये पोचतो. बल्बमध्ये बारीक बारीक गोळे असतात, ग्लोमेरुलस म्हणतात त्यांना, उंदराच्या एका बल्बमध्ये असे दोनेक हजार. एकाच रिसेप्टरच्या पेशी नाकात शेजारी शेजारी बसलेल्या नसतात, आपापल्या पट्ट्यात इकडं तिकडं विखुरलेल्या असतात, आजूबाजूला भलत्याच रिसेप्टरच्या पेशी. पण त्यांच्या वायरी मात्र बल्बमध्ये एकाच ठिकाणी येऊन मिळतात, उंदरात एका बल्बमध्ये साधारण दोनच गोळे, एक आतल्या बाजूला एक बाहेरच्या.

१९९६ मध्ये पीटर मोम्बार्ट्स आणि ॲक्सेल यांच्या गटानं हे डोळ्यांनी दाखवलं. त्यांनी असे उंदीर तयार केले की ज्या पेशीनं पी-टू नावाचा रिसेप्टर निवडलाय तेवढीच पेशी, तिच्या वायरीसकट, निळी रंगते. त्यांचा फोटो बघितलाय मी, नेटवर सहज सापडतो. नाकाच्या अस्तरात निळे ठिपके कसेही पसरलेत, त्यातून निळ्या बारीक रेघा निघाल्यात, त्या जवळ जवळ येत जातात आणि शेवटी बल्बवर एका निळ्या टिपक्यात गपकन संपतात. पोरांना दाखवला की वर्ग गप्प होतो.

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेलेल्यांना हे लगेच समजेल. डोंगरावर माणसाला माणूस लागून असतो, गुलालात ओळखीचा चेहराही ओळखू येत नाही, एकाच गावची माणसं कुणी एसटीनं, कुणी ट्रॅक्टरनं, कुणी पायी, वेगवेगळ्या वाटांनी आलेली असतात, पण शेवटी जो तो आपल्याच गावच्या सासनकाठीखाली, म्हणजे गावानं मिरवत आणलेल्या उंच काठीखाली, सापडतो. बरंचसं तर वर पोचायच्या आधीच झालेलं असतं, चढणीवरच गावकरी गावकऱ्याला भेटत जातो आणि घोळक्यानंच वर जातात. वायरींचंही तसंच आहे, बल्बला पोचायच्या आधीच वाटेत त्या आपसात वेगवेगळ्या होऊन घोळके करायला लागतात. (हे उदाहरण मी पुढंही वापरणार आहे, लक्षात ठेवा.)

पण वायरीला कसं कळतं की आपली काठी कुठली? यात्रेत डोळे आहेत, वायरीला काय आहे?

इथं मोम्बार्ट्सच्याच कामातला दुसरा प्रयोग येतो. त्यांनी पी-टू जनुकाच्या जागी दुसऱ्याच एका रिसेप्टरचं जनुक बसवलं. पेशी तीच, नाकातली जागा तीच, फक्त रिसेप्टर बदलला. वायरींनी जुना गोळा सोडला आणि नवीनच ठिकाणी गेल्या. त्या नव्या रिसेप्टरच्या मूळ गोळ्यात गेल्या का, तर तेही नाही, तिसरीकडंच जमल्या. म्हणजे रिसेप्टरचं वजन मोठं आहे, पण तो एकटा सगळं ठरवत नाही, पेशी नाकात कुठल्या पट्ट्यात बसलीय त्यालाही किंमत आहे. पुढं २००४ मध्ये हेही दिसलं की रिसेप्टरचं प्रथिन नुसतं नाकाकडच्या टोकाला नसून वायरीच्या मेंदूकडच्या टोकालाही असतं.

आणि मग २००६ मध्ये जपानच्या हितोशी साकानो यांच्या गटाचं काम आलं, जे माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं काळीज आहे. आपल्याला वाटतं रिसेप्टर म्हणजे वास आला तर जागा होणार, नाहीतर झोपलेला. तसं नसतं. कुठलाच वास नसतानाही रिसेप्टर अधूनमधून आपोआप चालू होतो, बंद होतो, आणि त्या नुसत्या हालचालीतून पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होत राहतो. प्रत्येक रिसेप्टरची ही आपोआप चालू व्हायची खोड वेगळी, कुणाची जास्त कुणाची कमी. त्यामुळं पेशीतली सायक्लिक एएमपीची पातळी वेगळी, त्यामुळं वायरीच्या टोकावर न्यूरोपिलिन-१ सारखी वाट दाखवणारी प्रथिनं कमीजास्त, आणि त्यावरून वायर बल्बमध्ये पुढच्या बाजूला बसणार की मागच्या ते ठरतं. पातळी कमी असली तर पुढं, जास्त असली तर मागं. त्यांनी रिसेप्टरमध्ये असा बदल केला की तो आतमध्ये निरोपच देऊ शकणार नाही, तर वायरी एकत्र जमल्याच नाहीत. मग पेशीला तो निरोप कृत्रिमपणे मिळेल अशी सोय केली, परत जमल्या.

मला हे वाचून अंगावर काटा आला होता. जन्माला यायच्या आधी, कुठलाही वास यायच्या आधी, नुसत्या स्वतःच्या कुजबुजीवर वायरीला आपली जागा ठरवता येते.

नंतर आणखी थर सापडत गेले. मोठी वाट ठरल्यावर शेजारपाजारच्या गोळ्यांतली नेमकी वाटणी होते ती किररेल-२, किररेल-३ सारख्या चिकटून घेणाऱ्या प्रथिनांनी, सारखी असतील त्या वायरी एकमेकींना धरतात, आणि एफ्रिनच्या कुळातली प्रथिनं परक्यांना लांब ढकलतात. २०२२ मध्ये स्टाव्रोस लोमवर्दास यांच्या गटानं दाखवलं की रिसेप्टरचं प्रथिन पेशीत घडताना तिथल्या यंत्रणेवर जो ताण येतो तोही प्रत्येक रिसेप्टरगणिक वेगळा असतो आणि त्या ताणावरूनही वाट दाखवणारी जनुकं कमीजास्त चालतात. हे प्रकरण अजून चालूच आहे.

आता मी एवढी यात का अडकले ते.

माझे वडील, आण्णा, आयुष्यभर मार्केट यार्डात एका अडत दुकानात गुळाकडं होते. सौदे सुरू व्हायच्या आधी रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, लागलेले असायचे आणि आण्णा एकेका रव्यापाशी थांबायचे. कडेचा कण नखानं काढायचा, तळहातावर अंगठ्यानं चोळायचा, ऊब लागली की नाकाशी न्यायचा, आणि मगच जिभेवर ठेवायचा. रंगावर त्यांचा फार भरवसा नसायचा, कारण हायड्रॉस मारून रंग कसाही उजळता येतो. "रंग डोळ्याला फशिवतो, नाकाला न्हाई" असं म्हणायचे. रस जास्त आटला, जरा करपला, मळी नीट निघाली नाही, पावसाळी हवेत गूळ पाघळून आंबूस झाला, सगळं त्यांना त्या तळहातावरच्या कणात कळायचं. लहानपणी आम्ही त्यांच्या शर्टाला नाक लावून सांगायचो की आज सौदे होते का नव्हते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्यांना कोविड झाला. ऑक्सिजन लागला नाही, घरातच बरे झाले, तेवढ्यावर सगळे खूश होतो. चारपाच दिवसांनी आईनं चहाबरोबर गुळाचा खडा दिला तर तोंडात धरून बसले, गिळेनात. मी विचारलं, "आण्णा, काय झालं?" तर म्हणाले, "गोड हाय गं. पण गूळ न्हाई."

या एका वाक्यात सगळं शरीरशास्त्र आहे. गोड जिभेला कळतं आणि जीभ शाबूत होती. पण गूळ हा गूळ आहे हे जिभेला कळतच नाही, ते चावताना घशामागून वर नाकात जाणाऱ्या वाफेवरून कळतं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला फार मोठा भाग असा मागच्या दारानं नाकात जातो.

मग मी वाचायला लागले. सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं विषाणू वासाच्या नसाच मारतो. २०२० मध्ये हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटानं दाखवलं की विषाणूला आत शिरायला लागणारं दार, एसीई-२, वासाच्या नसपेशींवर नसतंच, ते त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतं. मार खातात आधार देणाऱ्या पेशी, आणि त्याची झळ नसपेशींना बसते. झळ म्हणजे काय ते पुढं लोमवर्दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं. वासाच्या पेशीच्या केंद्रकात वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची रिसेप्टर जनुकं आणि त्यांना चालू करणारे डीएनएचे तुकडे एका जागी गोळा झालेले असतात, त्या तुकड्यांना त्यांनी ग्रीसमधल्या बेटांची नावं दिलीत. त्या गोतावळ्यातूनच पेशी आपलं एक जनुक चालवते. संसर्गात ती मांडणीच विस्कटते आणि रिसेप्टर जनुकांचं काम पडतं, ज्या पेशीत विषाणू शिरलेलाही नाही तिच्यातसुद्धा. म्हणजे पेशी जिवंत आहे, वायर जागेवर आहे, पण ज्या एका जनुकावर तिचं सगळं चालायचं तेच मंद झालंय. असं झालेल्या पुष्कळ लोकांचा वास काही आठवड्यांत परत येतो. आण्णांचा आला नाही.

किंवा आला, पण भलताच आला. काही महिन्यांनी एके सकाळी आईनं कांद्याची फोडणी टाकली आणि आण्णा ताडकन उठून बाहेर गेले. त्यांना जळक्या टायरचा वास येत होता. मग लसूण, कॉफी, भाजलेलं खोबरं, तांबडा रस्सा तर पातेल्याचं झाकण काढलं की मळमळायचं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटून आणली त्या दिवशी ते दिवसभर रंकाळा तलावावर जाऊन बसले. आई त्यांच्यासाठी बिनफोडणीचं वरण आणि दहीभात वेगळं करायची आणि स्वतःचं जेवणही तसंच करून टाकलं, का तर एकट्यानं बेचव खायला नको त्यांना. पै-पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "मनाचं असतंय ते, लक्ष देऊ नका." मला त्या "मनाचं असतंय" चा आजही राग येतो.

या उलट्या वासाला पॅरोस्मिया म्हणतात आणि तो बहुतेक त्याच त्याच पदार्थांना होतो, भाजलेले, तळलेले, कांदा-लसणाचे, कॉफी. त्यांच्यात गंधक असलेले आणि पायराझिन कुळातले रेणू असतात, जे नाकाला अगदी नखभर पुरतात. गूळही आटवून केलेला, त्यातही पायराझिन. मनाचं असतं तर बरोबर याच रेणूंना कसं सापडलं असतं?

वासाच्या पेशी शरीरातल्या बाकी बऱ्याच नसपेशींसारख्या जन्मभर त्याच राहत नाहीत. त्या काही आठवडे ते काही महिने जगतात, मरतात, आणि अस्तराच्या तळाशी असलेल्या मूळपेशींमधून नव्या येतात, माणूस म्हातारा झाला तरी येत राहतात. प्रत्येक नवीन पेशी पुन्हा आपलं एक जनुक निवडणार, पुन्हा वायर सोडणार, ती पुन्हा चाळणीच्या हाडातून वर जाऊन आपला गोळा शोधणार. आपल्या सगळ्यांच्या नाकात हे आत्ता, हे वाचताना, चालू आहे.

नवीन वायरीला म्हातारपणीही जागा सापडते का? २००० साली एका प्रयोगात उंदरांच्या फक्त पी-टू पेशी तेवढ्या मारल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या. नव्या पी-टू पेशी आल्या आणि त्यांच्या वायरी बरोबर पी-टूच्या गोळ्यात गेल्या. पण सगळं अस्तरच रसायनानं उद्ध्वस्त केलं तर मात्र नव्या वायरी पुष्कळदा भलत्याच गोळ्यांत शिरतात. २०१४ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीच्या गिलाड बार्निया यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की उंदराच्या जन्मानंतरचा साधारण पहिला आठवडा वायरी बिघडलेला नकाशा स्वतः दुरुस्त करू शकतात, पुढं मात्र नवीन वायरी आधीच्या वायरींच्या मागं जातात. त्या आधीच्या चुकलेल्या असल्या तर नव्याही त्याच चुकीच्या वाटेनं.

म्हणजे काठी धरून कुणीतरी उभं असेल तर उशिरा आलेला गावकरीही गर्दीतून तिथं पोचतो. काठीच खाली पडली असेल तर तो दुसऱ्याच गावाच्या घोळक्यात जाऊन उभा राहतो, आणि त्याच्या मागून येणारा त्याला बघून तिथंच जातो. पॅरोस्मियामागचा एक मोठा तर्क हाच आहे, की नव्या वायरी अपुऱ्या आहेत किंवा चुकीच्या जागी लागल्यात, त्यामुळं कांद्याचा रेणू पकडला तरी मेंदूपर्यंत कांद्याची पूर्ण जुळणी पोचत नाही, त्यातले दोनचारच सूर पोचतात आणि ते घाण वाटतात.

आण्णांना हे मी कागदावर रेघा काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माझ्या नाकात जुनी किती ऱ्हायली असतील गं, वाट दावायला?" जिवंत माणसाच्या नाकात हे मोजता येत नाही, तसंच सांगितलं त्यांना.

मग आम्ही वास घ्यायचा सराव सुरू केला. ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये याचा अभ्यास केला होता, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, रोज मन लावून. ज्यांनी केलं त्यांच्यात न करणाऱ्यांपेक्षा सुधारणा जास्त दिसली. घरात लवंगा होत्याच, लिंबाची साल किसून ठेवली, निलगिरीचं तेल आणलं, गुलाबाचं अत्तर महाद्वार रोडवरून आणलं. आण्णांनी पाचवी बाटली स्वतः भरली, गुळाची. ती हुमेलच्या यादीत नाही, पण मी काही बोलले नाही.

हा सराव चालतो कसा हे समजून घ्यायचं तर बल्बच्या पलीकडं जावं लागतं, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याबद्दल. नाकापासून बल्बपर्यंतची वाट जनुकांनी आखलेली असते, इतकी की एका जातीच्या दोन उंदरांत तोच गोळा जवळपास त्याच जागी सापडतो. बल्बपासून पुढं वायरी मेंदूच्या पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये, म्हणजे वास ओळखणाऱ्या भागात, जातात, आणि भावनांशी जोडलेल्या अमिग्डालाकडंही, थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या नाक्यावर न थांबता, जे डोळ्याच्या आणि कानाच्या वाट्याला येत नाही. आणि पिरिफॉर्ममध्ये पोचल्यावर तो सगळा नीटनेटका नकाशा विरघळतो. २०११ मध्ये एकेका गोळ्यातून निघणाऱ्या वायरी रंगवून बघितल्या तर त्या कॉर्टेक्सभर कशाही पसरलेल्या दिसल्या, एका गोळ्याची ठरावीक जागा अशी नाहीच. मग तिथं या वासाचा अर्थ कोण लावतं? आपलं जगणं लावतं. कुठले गोळे एकदम पेटल्यावर त्याला गूळ म्हणायचं, आणि गूळ म्हटल्यावर चुलवाणाची धग, पाडव्याचे सौदे, हमालांची ओरड हे सगळं एकदम यायचं, हे कुठल्याच जनुकात लिहिलेलं नाही. ते आण्णांनी यार्डात उभं राहून, तळहातावर कण चोळून चोळून स्वतः जोडलंय. बल्बपर्यंतची वायर जुळवायला पेशी आहेत, पुढची जोडणी पुन्हा करायची तर वास पुन्हा पुन्हा घ्यावाच लागतो. मला सरावाचं शास्त्र असंच कळलंय.

आज परिस्थिती अशी आहे की कच्चा कांदा चालतो, फोडणीचा खिडकी उघडी असली तर चालतो, कॉफी अजिबात नाही. लवंग पूर्ण येते. गेल्या चैत्रात शेजाऱ्यांनी जोतिबाचा दवणा आणून दिला, आण्णांनी जुडी नाकाशी धरली आणि पहिल्यांदा न विचारता नाव घेतलं, दवणा. गुळाला ते "निम्मा" म्हणतात. नवीन गूळ आला की करप त्यांना कळतो आता, आंबूस कळत नाही, आणि ते आंबूसच त्यांना परत पाहिजे, कारण अख्ख्या यार्डात ते त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

तुमच्या घरात कुणाचा वास गेला असेल किंवा उलटा झाला असेल, कितीही दिवस झाले असले तरी, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, कारण प्रत्येक वेळी कारण कोविडच असेल असं नाही, आणि वासाचा सराव विचारून सुरू करा. त्यांचं ताट वेगळं करावं लागलं तर करा. आणि गॅस गळतीचा वास त्यांना येत नाही हे विसरू नका, सिलिंडरमध्ये मुद्दाम घातलेला तो उग्र रेणूही गंधकाचाच असतो, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात गळतीचा अलार्म बसवून घेतलाय आणि रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम माझ्याकडं आहे.